खजूर रोडचा पत्ता

दिल्लीतल्या सरकारी वसाहतीत वाढलेल्या मुलाला घर आठवतं ते आकड्याने. ब्लॉकचं अक्षर, मग क्वार्टरचा नंबर, मग लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना वसाहतीचं नाव फार आवडायचं. तांब्यांची मनू, जन्मली काशीत, नांदली झाशीत, पडली ग्वाल्हेरला. महाराष्ट्राबाहेरच आयुष्य गेलेल्या बाईचं नाव महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कारकुनांच्या वस्तीला मिळालं, याचं आईला कौतुक होतं. आजूबाजूला सरोजिनी नगर, नौरोजी नगर, नेताजी नगर, किडवई नगर. स्वातंत्र्यलढ्याची सगळी नावं एका बस रूटवर. जुनी माणसं मात्र सरोजिनी नगरला शेवटपर्यंत विनय नगरच म्हणायची.

घर आपलं नाही, हे त्या वस्तीत सगळ्यांना पक्कं ठाऊक असायचं. दारावर बाबांच्या नावाची लाकडी पाटी होती. तिच्या आजूबाजूला आधीच्या पाट्यांच्या स्क्रूची भोकं होती, चुन्याने बुजवलेली. निवृत्तीनंतर काही महिन्यांची मुदत, मग किल्ली परत. आम्ही १९८६ साली तिथे आलो आणि २००१ साली निघालो.

त्या दोन खोल्यांत माझ्या थोरल्या भावाने, दादाने, एक बँड काढला होता. बँड म्हणजे गिटारवाला दादा, कीबोर्डवाला एक तमिळ मुलगा, शेजारच्या ब्लॉकमधला एक पंजाबी गायक आणि ड्रमच्या नावाखाली पत्र्याचे डबे. मागच्या अंगणात तालीम सुरू झाली की वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून म्हणायच्या, "बेटा, साहब की नाइट ड्यूटी है." मग तालीम स्कूटरच्या शेडमध्ये. तिथून पार्कात. पार्कात वीज नाही. वर्षभरात बँड संपला. भांडण कुणाचंच झालं नाही. बसायला जागाच उरली नाही.

हे सगळं सांगायचं कारण, मला ज्या अल्बमबद्दल लिहायचं आहे त्याचं नाव एक पत्ता आहे. '१६/३३० खजूर रोड'. इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचा हा अल्बम २०१० साली आला. त्याआधीचा त्यांचा 'झीनी' २००३चा. मधल्या सात वर्षांत चित्रपटांचं संगीत आणि देशोदेशीच्या मैफली झाल्या. पण स्वतःचा नवा स्टुडिओ अल्बम नाही. म्हणून या अल्बमला पुनरागमन म्हटलं गेलं. हा शब्द त्याला कितपत बसतो, हा माझ्या मनातला जुना प्रश्न आहे. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून एकत्र वाजवत होते. सुस्मित गिटारवर, असीम तबल्यावर आणि गाताना. तबला वाजवता वाजवता गाणं किती कठीण असतं, हे ज्याने एकदा तरी प्रयत्न केला असेल त्यालाच कळेल. १९९० साली त्यांनी इंडियन ओशन हे नाव घेतलं. १९९१ला राहुल राम बेस गिटार घेऊन आला. हा अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. करून परतलेला आणि नर्मदा बचाओ आंदोलनात काम करणारा माणूस. नर्मदेच्या खोऱ्यातलं लोकगीत पुढे 'मा रेवा' होऊन या बँडमध्ये आलं ते त्याच वाटेने. आपल्याकडचा अक्राणी-अक्कलकुव्याचा काठ तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा अजून व्हायचा होता. त्या काठावर मणिबेलीसारखी गावं पाण्याखाली जाण्याचे दिवस होते ते. १९९४ला अमित किलाम ड्रमवर आला, आणि पुढची पंधरा वर्षं हे चौघं टिकले.

पहिला अल्बम १९९३ साली एचएमव्हीने काढला. दुसरा, 'डेझर्ट रेन', स्टुडिओत झालाच नाही. सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ 'सहमत'तर्फे तेव्हा दरवर्षी एक जानेवारीला मंडी हाउसपाशी कार्यक्रम होत असे. १९९७च्या एक जानेवारीला इंडियन ओशन तिथे वाजवली, आणि त्याच मैफलीचं ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून आलं. दादा आणि मी त्या रात्री तिथे होतो. मी पंधरा वर्षांचा, आईची शाल स्वेटरच्या आत गुंडाळलेला, ब्लू लाइन बसने गेलेला. पुढे कॅसेट हाती आल्यावर दादा टाळ्यांच्या जागी आवाज वाढवायचा आणि म्हणायचा, "ऐक, यात आपण आहोत."

त्यानंतरचा 'कांदिसा' २००० साली आला. तेव्हा हिंदुस्थानात 'बँड' म्हणजे एकतर लग्नातला, नाहीतर कॉलेजात इंग्रजी गाणी वाजवणारा. या चौघांनी केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांचं प्राचीन सुरियानी भाषेतलं स्तोत्र घेतलं, गोरख पांडे यांची भोजपुरी कविता घेतली, नर्मदेचं गाणं घेतलं, आणि सगळं शेजारी शेजारी ठेवलं. सुस्मितची गिटार तारांवर चिमटे काढत गेल्यासारखी वाजे. तिच्यात सतारीचा, सरोदचा भास होई, पण नक्कल नसे. लक्ष्मीबाई नगरच्या कानाला हे अनोळखी नव्हतं. आमच्या जिन्यात सकाळी सहाला तमिळ सुप्रभातम्, सातला गुरबाणी, आठला आमच्या रेडिओवर भीमसेन. ते सगळं आमच्या भिंतींतून एकमेकांत झिरपायचं. ते कुणी ठरवून एकत्र वाजवू शकतं, हे आम्हाला 'कांदिसा'ने दाखवलं.

आता खजूर रोड. करोलबागेतल्या या रस्त्यावर एक जुना बंगला आहे, म्हणून इंडियन ओशनचा इतिहास आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. १९९७पासून बँडची तालीम तिथे होत असे. करोलबाग हा भागच विस्थापितांचा. नवी दिल्ली बांधायला ज्यांच्या वस्त्या उठवल्या त्यातले कितीतरी तिकडे गेले. फाळणीनंतर तिथले अनेक मुसलमान निघून गेले आणि पश्चिम पंजाबातले निर्वासित आले. आज तिथे सोन्याची दुकानं, लग्नाचे कपडे, कोचिंग क्लास आणि पार्किंगची भांडणं. त्या गजबजाटात झाडं असलेला एक जुना बैठा बंगला, आणि त्यात वेळेचं बंधन न घालणारी तालमीची खोली.

संगीताच्या इतिहासात आपण प्रतिभेबद्दल फार बोलतो आणि खोलीबद्दल फार कमी. गायकाला तानपुरा आणि चटई पुरते. रॉक बँडला ड्रम लागतात, अॅम्प्लिफायर लागतात, न जाणारी वीज लागते, आणि तक्रार न करणारे शेजारी लागतात. त्यातही इंडियन ओशनची पद्धत अशी की गाणं लिहून आणायचं नाही. चौघांनी बसायचं, कुणीतरी एखादी लय किंवा सुरावट सुरू करायची, आणि तिच्याभोवती महिनोन् महिने फिरत राहायचं. मग ते गाणं मंचावर न्यायचं, श्रोत्यांसमोर मुरू द्यायचं, आणि त्यानंतर कधीतरी ध्वनिमुद्रित करायचं. त्यांची गाणी सात-आठ मिनिटांची होतात ती त्यामुळेच. असं संगीत तासाच्या भाड्याच्या स्टुडिओत जन्मूच शकत नाही. घड्याळाकडे बघत कुणी लय शोधत नाही. आमच्या स्कूटरशेडला जे जमलं नाही ते त्या बंगल्याला जमलं. ज्या काळात दिल्लीत जमिनीचा भाव दरवर्षी चढत होता, त्या काळात एका खोलीने तेरा वर्षं घाई केली नाही. अल्बमला त्या खोलीचा पत्ता नाव म्हणून देणं हे माझ्या मते ऋण मान्य करणं होतं.

त्या अल्बमची सात गाणी ध्वनिमुद्रित झाली तेव्हा चौघंही होते. २००९च्या शेवटी असीम आजारी पडला आणि २५ डिसेंबर २००९ रोजी गेला. म्हणजे २०१० उजाडलं तेव्हा बँडकडे तयार गाणी होती, आणि ती गाणारा मुख्य आवाज नव्हता.

अशा वेळी बँड काय करतात, याची दोन उदाहरणं जगाला माहीत आहेत. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८०मध्ये वारला. ब्रायन जॉन्सनला घेऊन त्यांनी त्याच वर्षी जुलैत 'बॅक इन ब्लॅक' काढला. जुना आवाज मिटला, नवा आला, गाडी पुढे गेली. क्वीनच्या फ्रेडी मर्क्युरीचं निधन नोव्हेंबर १९९१मधलं. त्याने मागे ठेवलेल्या आवाजाभोवती उरलेल्या तिघांनी चार वर्षं काम केलं आणि १९९५ला 'मेड इन हेवन' आला. नव्या माणसाने जागा भरायची, किंवा गेलेल्याचा आवाज जपून त्याच्याभोवती घर बांधायचं.

इंडियन ओशनने २०१०मध्ये दोन्ही एकाच वेळी केलं. जुलै २०१०पासून त्यांनी अल्बममधली गाणी दर महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट द्यायला सुरुवात केली. पहिलं 'चांद'. त्याच वर्षी गायक हिमांशु जोशी आणि तबल्यावर तुहीन चक्रवर्ती बँडमध्ये आले. एका माणसाची जागा भरायला दोन माणसं लागली. म्हणजे काही महिने असे गेले की घरी संगणकावर गाणं उतरवून घेतलं तर असीम गात होता, आणि संध्याकाळी मैफलीला गेलं तर हिमांशु. अल्बम नवा होता, आवाज गेलेल्याचा होता. मंचावरचे सूर जुन्यांचे होते आणि गळा नव्याचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जयदीप वर्मांचा बँडवरचा माहितीपट, 'लीव्हिंग होम', चित्रपटगृहात लागला. त्यातही असीम होता, बोलणारा, हसणारा. त्या वर्षी दिल्लीत असीम सगळीकडे होता.

फुकट का, यालाही इतिहास आहे. कॅसेटच्या काळात कंपनीशिवाय माल दुकानात पोचत नसे. सरोजिनी मार्केटातल्या कॅसेटवाल्याकडे आम्ही 'कांदिसा' मागितली तेव्हा त्याने आधी भजनांच्या खणात शोधली होती. २०१०पर्यंत ती दुकानं मोबाइलची कव्हरं विकू लागली होती. सीडी विकत घेणारे कमी, चोरून उतरवून घेणारे जास्त. कलाकाराच्या हाती दोन्हीकडून फारसं येत नव्हतं. बँडचं पोट मैफलींवर चाले. तेव्हा गाणं कंपनीच्या हाती देण्यापेक्षा सरळ श्रोत्याला द्यावं, हक्क आपल्याकडे ठेवावेत, आणि श्रोता मैफलीला येईल यावर भिस्त ठेवावी, हा हिशेब व्यवहाराचाच होता. आपल्या कीर्तनकारांना तो नवा वाटला नसता. ऐकण्याला तिकीट नाही. आरतीच्या ताटात काय पडेल ते पडेल.

'पुनरागमन' हा शब्द मला अडतो तो इथे. पुनरागमनाला आधी जाणं लागतं. तसं उदाहरण मुंबईचं आहे. १९८४ साली सुरू झालेला रॉक मशीन हा बँड, पुढे त्याचं नाव इंडस क्रीड झालं. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळी. १९९५ला त्या नव्या नावाने अल्बम आला, १९९७ला बँड मोडला, माणसं पांगली. २०१०ला ते पुन्हा जमले आणि २०१२मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. पहिल्यानंतर सतरा वर्षांनी. मिक्सिंग टिम पामरचं, ज्याने पर्ल जॅमचा 'टेन' मिक्स केला होता. बेस आणि ड्रमवर तरुण पोरं, पुढे जुने गडी. जाणं आणि येणं दोन्ही स्पष्ट. याला पुनरागमन म्हणायला कुणाची हरकत नसावी. इंडियन ओशन कुठे गेलीच नव्हती. तिच्यातला एक माणूस गेला होता, आणि तो परत येणार नव्हता.

मी त्या वर्षी चिडलेला होतो हे कबूल करायला हवं. मला नवा गायक नको होता. गाझियाबादच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी 'चांद' उतरवून घेतलं आणि दादाला पुण्याला ईमेलने पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही. मी मित्रांशी वाद घालायचो की नाव ठेवून माणसं बदलणं म्हणजे दुकानाची पाटी विकणं. २०१३ला सुस्मितही बाहेर पडला आणि निखिल राव गिटारवर आला, तेव्हा मला वाटलं आपलंच खरं ठरलं. सुरुवात करणाऱ्या दोघांपैकी आता एकही उरला नव्हता. २०१४चा 'तंदानु', ज्यात त्यांनी बाहेरच्या बड्या कलावंतांना सोबत घेतलं, मी मुद्दाम ऐकला नाही.

माझी ती चीड हळूहळू निवली ती आपल्याच संगीताकडे पाहून. नाट्यसंगीतात पद एकाचं असतं आणि ते पिढ्या गातात. प्रत्येक नव्या नटाला जुने प्रेक्षक "तो जमाना गेला" असं सुनावतात, आणि तरी पद चालत राहतं. घराण्यात तर माणूस जाण्याची सोय आधीच केलेली असते. शिष्य त्यासाठीच असतो. दिंडीत टाळकरी बदलतात, विणेकरी बदलतो, अभंग तोच. आपल्याकडे गाण्याला माणसापेक्षा मोठं आयुष्य द्यायची रीत आहे. रॉक बँडची रीत वेगळी: चार माणसं, चार नावं, भिंतीवर चौघांचा फोटो. त्यात बदल म्हणजे दगा, असं आपण पोस्टरवरून शिकलो. इंडियन ओशनने कबीर गायला, लोकगीतं गायली, स्तोत्र गायलं. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा त्या गाण्यांच्या रीतीने वागली. मला एवढं समजायला दहा वर्षं लागली.

या तर्काची एक बाजू दुबळी आहे, तीही सांगतो. घराण्यात शिष्य गुरूपुढे बसून शिकतो. इथे नव्यांना ध्वनिमुद्रणांवरून आणि उरलेल्यांच्या आठवणींवरून शिकावं लागलं. असीमचं एकाच वेळी गाणं आणि तबला वाजवणं कुणालाच पुढे नेता आलं नाही. ते दोघांत वाटलं गेलं. काहीतरी हरवलंच. ते हरवलेलं '१६/३३० खजूर रोड'मध्ये ऐकू येतं, म्हणून तो अल्बम मला पुनरागमनापेक्षा क्वार्टर सोडतानाच्या शेवटच्या आठवड्यासारखा वाटतो. सामान बांधलेलं, भिंतीवर कॅलेंडरची पांढरी चौकट, आणि तरीही संध्याकाळी नेहमीच्या वेळी चहा.

पुनरागमन म्हणावं असं काही असेल तर ते २०२३चं. 'तंदानु'नंतर नऊ वर्षांनी 'तू है' आला. राहुल राम, अमित किलाम, हिमांशु जोशी, निखिल राव, तुहीन चक्रवर्ती. यातल्या हिमांशु आणि तुहीनला तोवर तेरा वर्षं झाली होती. असीम-सुस्मित-राहुल-अमित या जुन्या चौकडीच्या सहवासाला ती जवळजवळ गाठणारी. लोक अजून त्यांना 'नवे' म्हणत होते. आमच्या वसाहतीतही असंच असे. पंधरा वर्षं राहिलेल्या माणसालाही जुने शेजारी "वो जो मेहता जी के क्वार्टर में आए हैं" असंच म्हणायचे.

त्या हिवाळ्यात दादा कामानिमित्त दिल्लीत आला होता. एका कॉलेजच्या मैदानावर त्यांची मैफल होती, मी त्याला न विचारता दोन पास घेतले. आम्ही दोघंही पन्नाशीकडे झुकलेले, आजूबाजूला पोरंच पोरं, आणि जुनं गाणं सुरू झालं की त्या पोरांना शब्द पाठ. त्यांच्यातल्या बहुतेकांनी असीमला कधी पाहिलं नसणार. ज्या आवाजाला मी तेरा वर्षं 'बदली' म्हणत होतो, तोच त्यांच्यासाठी मूळ आवाज होता. दादा सगळा वेळ तुहीनच्या हातांकडे बघत होता. मध्येच म्हणाला, "हा बायां वेगळा ठेवतो." तक्रार नव्हती, निरीक्षण होतं.

मला एक गोष्ट त्याला सांगायची होती, बावीस वर्षं राहिलेली. २००१ साली क्वार्टर रिकामं केलं तेव्हा तो पुण्यात नोकरीत रुजू झाला होता. सामानाच्या टेम्पोत जागा कमी पडत होती. माळ्यावरची त्याची गिटार मी त्याला न विचारता विकली, किडवई नगरच्या एका मुलाला. त्याने नंतर कधी विचारलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही. मैफल संपल्यावर पार्किंगकडे चालताना सांगितलं.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कितीला?"

"अकराशेला."

"फसलास," तो म्हणाला. "नवीन तारा होत्या तिला."

आणि मग गाडीत बसल्यावर, बऱ्याच वेळाने, आयएनएच्या चौकात सिग्नलला थांबलो असताना, त्याने विचारलं, "तो मुलगा वाजवायचा का रे पुढे?"

मला माहीत नव्हतं. उजवीकडे आमच्या वसाहतीचे दिवे दिसत होते. सिग्नल सुटला.